बारा ते दोनचा पहारा

दोन वाजून गेले तरी येसूबाईची सून रुचिता आली नाही. लाडकीला वाटलं, जेवायला उशीर झाला असेल. सहाव्या महिन्यातली पोर, जेवल्यावर जरा डोळा लागला असेल. येईल. तिने वीणा गळ्यात तशीच ठेवली आणि नाम चालू ठेवलं.

दातिवऱ्याच्या विठ्ठलमंदिरात माघातला सप्ताह बसला होता, त्याचा हा सहावा दिवस. सात दिवस अखंड नाम, आणि अखंड म्हणजे अखंड. पहिल्या सकाळी वीणा कुणाच्या तरी गळ्यात पडते ती काल्याच्या दिवशीच उतरते. मधे ती एकदाही जमिनीला टेकवायची नाही. एकाने दोन तास उभं राहायचं, एका हाताने दांडी धरायची, दुसऱ्या हाताच्या बोटाने तार छेडत नाम घ्यायचं. दोन तास झाले की दुसरा येतो. दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि एका गळ्यातला पट्टा दुसऱ्या गळ्यात जातो. सांगायला एवढंच. पण ज्याने कधी वीणा धरली आहे त्याला विचारून बघा. दोन तास आपण देवाला धरून उभे होतो की देव आपल्याला धरून उभा होता, ते त्याला सांगता येणार नाही.

गावात दिवसाचे पहारे बायकांचे आणि रात्रीचे पुरुषांचे. लाडकीचा पहारा बारा ते दोन. ही वेळ कुणालाच नको असते. बायका बोंबील वाळत टाकून आलेल्या असतात, जेवून आडव्या होतात. देवळात पंख्याची घरघर आणि बाहेर कावळे, एवढाच आवाज. लाडकीने हीच वेळ पंधरा वर्षांपूर्वी स्वतः मागून घेतली होती. सप्ताहाचे सात दिवस ती मासळीची टोपली उचलत नसे. नवरा गेला, लेक मोनाली लग्न होऊन डहाणूला गेली, त्यानंतर तर वर्षभर ती या दोन तासांचीच वाट बघायची. घरात बोलायला कुणी नव्हतं. इथे बोललेलं निदान समोर पोचत होतं.

समोर टाळ घेऊन भिका बसला होता. वीणा धरणाऱ्याने सात दिवस मासळी खायची नाही, असा गावचा नियम. भिकाने तिसऱ्या दिवशी सुका जवळा खाल्ला आणि स्वतःच मंडळाकडे जाऊन सांगून टाकलं, "जवळा येवडा बारीक, मला वाटलं त्याला काय मासळी म्हणत नसतील. खाल्ल्यावर वाटलं, हाय मासळीच." तेव्हापासून त्याला वीणा बंद. फक्त टाळ.

अडीच वाजले. लाडकीने नामाच्या दोन ओळींच्या मधे त्याला म्हटलं, "भिकादादा, बगून ये ना जरा. पोरगी झोपलीच वाटतं."

भिका गुडघ्यावर हात टेकून उठला. टाळ ठेवून गेला. देवळात लाडकी एकटी राहिली. टाळ थांबला की नाम किती बारीक वाटतं, हे तिला तेव्हा कळलं. आपलाच आवाज भिंतीला लागून परत येत होता. ती तसंच म्हणत राहिली, रामकृष्णहरी, रामकृष्णहरी. नाम तुटता कामा नये.

भिका परत आला तो मान खाली घालून.

"येसूबाय बोलली, सूनबायला चक्कर येते."

"अगोबाय. मग येसूलाच सांगायचं ना. तिचा पहारा चारचा हाय, आज अडीचला धरला तर काय बिघडतं?"

"तिची कंबर धरलीय म्हणे."

"सकाळी तर मांडवावर चढून वाळते बोंबील उलटीत होती."

भिका टाळ उचलून बसला, पण वाजवेना. मग म्हणाला, "दोन घरं अजून फिरलो. एकीचा पाहुणा आलाय. एक न्हातेय. दुपारी अडीचला न्हातेय."

लाडकीने खाली आपल्या हातांकडे बघितलं. दांडी धरलेल्या डाव्या हाताची बोटं पेरापर्यंत पांढरी झाली होती. उजव्या हाताच्या मागे, मनगटाजवळ, रुपयाएवढा एक डाग. गेल्या पावसाळ्यात आला होता. त्याआधी पाच वर्षं तो फक्त घोट्यावर होता, लुगड्याखाली बराचसा झाकला जायचा.

मग तिला सगळं कळलं. पहिले पाच दिवस भिकाची बायको तिच्याकडून वीणा घेत होती. त्या बाईला कशाचं काही वाटत नसे. काल मुलीच्या बाळंतपणाला तिला पालघरला जावं लागलं, म्हणून यादीत रुचिताचं नाव घातलं. बारा वाजता लाडकीच्या गळ्यात वीणा घालणारी बाई हसून घालून गेली होती. लाडकीला द्यायला कुणाचीच ना नव्हती. तिच्याकडून घ्यायला होती.

आणि मुख्य म्हणजे तिला रुचिताचा राग येईना. पोटात मूल असताना कुणी सांगितलं असतं की या बाईच्या हातचा पट्टा गळ्यात घेतलास तर बाळ डाग घेऊन येईल, तर तीही आली नसती. तीसुद्धा हेच मानत होती, अगदी परवा-परवापर्यंत.

गावात सगळ्यांना माहीत होतं की लाडकीला कोड कशाने आलं. मासळीवर दूध प्याली. हे कुणी वैद्याने सांगितलेलं नव्हतं. हे कीर्तनात सांगितलेलं होतं. याच देवळात, दहा वर्षांपूर्वी, केळव्याच्या आत्मारामबुवांनी.

काय ते कीर्तन झालं होतं! बुवांचा आवाज तेव्हा भरात होता. भक्ती आणि अहंकार एका मनात राहत नाहीत, हे सांगायला त्यांनी दृष्टांत घेतला. म्हणाले, "बाबांनो, पोटात मासळी गेली, वरून दूध गेलं, तर काय होतं? अंगावर पांढरा डाग उठतो. घासा, धुवा, जात नाही. तशी मनात भक्ती आहे आणि वरून अहंकार प्यायलात, की डाग उठलाच!" मृदंगावर थाप पडली. बुवा जरा थांबले, सगळ्या कोळीवाड्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "मी तुम्हांला मासळी सोडा म्हणत नाही हो. मला इथून जिवंत केळव्याला जायचंय. दूध सोडा!" देऊळ हसून हसून लोटपोट झालं होतं. सगळ्यांत जास्त लाडकी हसली होती. येसूबाईच्या खांद्यावर डोकं ठेवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या आळीत आलेल्या, कीर्तनाला नेहमी एकाच खांबाला टेकून बसायच्या.

चार वर्षांनी घोट्यावर पहिला डाग आला. आणि सगळ्यांना बुवांचा दृष्टांत आठवला.

लाडकीने स्वतः किती दिवस आठवून आठवून बघितलं होतं की आपण कधी प्यालो. शेवटी सापडलं. मोनालीच्या वेळी सरकारी दवाखान्यात होती. सकाळी सासूने घरून बोंबलाचं कालवण आणलं होतं, दुपारी दवाखान्यातल्या बाईने पेलाभर दूध दिलं. त्या पेल्याची कड टवकलेली होती, हेसुद्धा तिला आठवलं. तोच पेला. वीस वर्षांनी उगवला. एवढी वर्षं वाट बघून का उगवला, हा प्रश्न तिला पडला नाही. चूक सापडली, हेच तिला पुरेसं होतं.

बोईसरच्या बाजारात बरं होतं. तिथे कुणाला दृष्टांत माहीत नव्हता. कारखान्यातल्या माणसांच्या बायका यायच्या, हात बघून विचारायच्या, "मौसी, हाथ जल गया क्या?" लाडकी मान हलवायची, "हाँ, जल गया." मग त्या हळहळायच्या आणि तिच्याच हातून पापलेट साफ करून घ्यायच्या. परक्या गावात तिचे हात भाजलेले होते. आपल्या गावात पापी.

सप्ताह बसायच्या आठ दिवस आधी ती उपकेंद्रात ताप दाखवायला गेली तेव्हा नर्सबाई समिधा हात हातात धरून बोलली होती. "मावशी, कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. आपलंच शरीर चुकून त्यांना परकं समजतं आणि मारून टाकतं. जिथे त्या मरतात तिथे पांढरं दिसतं. दूध नाही, मासे नाहीत, शाप नाही. आणि शिवून तर कुणालाच होत नाही. औषधं आहेत, पालघरला कातडीच्या डॉक्टरांना दाखवा. मी चिठ्ठी देते."

लाडकीने विचारलं होतं, "मग मलाच का?"

समिधा म्हणाली, "ते नक्की कुणालाच सांगता येत नाही."

लाडकी घरी आली ती हलकी होऊन नाही. तिला कसंतरीच वाटत होतं. चूक केली होती तोवर निदान काहीतरी केलं तरी होतं. आता तर काहीच केलं नव्हतं. इतकी वर्षं ती त्या टवकलेल्या पेल्यासाठी देवाची माफी मागत होती. माफी मागायलाही आता काही उरलं नाही. त्या रात्री घर फार मोठं वाटलं.

साडेतीन वाजता मंडळाचा देवू आला. यादी त्यानेच केलेली. चपला काढता काढता त्याने सगळं ओळखलं असावं, कारण तो लाडकीकडे न बघता सरळ देवाकडे बघत बोलायला लागला.

"लाडकीकाकी, एक काम करू. त्या खांबाला खुंटी हाय ना, तिला वीणा अडकवू. जमिनीला कुठं लागते? नाम भिकादादा म्हणेल. चारला येसूकाकी येईल, ती खुंटीवरून घेईल."

"खुंटीवरून?"

"म्हंजे नियमबी राहिला, आणि..."

"आणि माझ्या हातून घ्यायला नको." लाडकीने तार छेडली. "देवू, खुंटीलाच अडकवायची होती तर मानसांची यादी कशाला केलीस रे? पहिल्या दिवशीच अडकवून सगळे घरी जाऊन झोपलो असतो."

भिका फस्सकन हसला. देवू रागावला नाही, तो वाईट मुलगा नव्हता. कानामागे खाजवत म्हणाला, "काकी, पाय दुखतील. म्हनून सांगतो."

"पाय माझे हायत. तू मानूस आन."

देवू गेला. माणूस आला नाही.

चार वाजले, येसूबाईचा पहारा होता, येसूबाई आली नाही. भिकाने पाणी आणलं, लाडकीने दोनच घोट घेतले. जास्त प्यायलं तर दुसरी अडचण. पोटऱ्या आता दगडासारख्या झाल्या होत्या. पट्टा मानेला रुतत होता. मधे एकदा दारात सावली पडली. रुचिता होती. उंबऱ्याबाहेरच उभी, एक हात पोटावर.

"काकी, मी येनार होते. आई नको बोलते."

"समजलं."

"तुमी रागावू नका."

"नाय रागावत. उन्हात उबी राहू नको. जा."

पोर गेली नाही. जराशी तशीच उभी राहिली, मग डोळ्याला पदर लावून वळली. लाडकीला वाटलं, हाक मारावी. पण तोंडात नाम होतं.

साडेचारला रिक्षा थांबल्याचा आवाज आला आणि आत्मारामबुवा पायऱ्या चढून आले. बोटी रात्री सुटतात म्हणून या गावात कीर्तन दिवेलागणीलाच असतं, तरी बुवा तास-दीड तास आधी यायचे. केळव्याला वाडीत आता ते एकटेच होते. घरी बसून तरी काय करणार. सत्तरी ओलांडलेली, उपरणं जुनं पण स्वच्छ धुतलेलं. देवाला नमस्कार केला आणि रीतीप्रमाणे वीणेकऱ्याच्या पाया पडायला वाकले. वाकले ते जरा थांबले. समोर लाडकीचे घोटे होते. मग त्यांनी दोन्ही हात त्या पायांवर ठेवले आणि हात कपाळाला लावून उठले.

"पाय सुजलेत, माई. किती वेळ उभी आहेस?"

"बारापासून."

"म्हणजे? दुसरं कुणी?"

लाडकी नाम घेत राहिली. बोलला भिका. त्याला आडपडदा कधीच जमला नाही.

"म्हाराज, तिला कोड हाय म्हनून कोन घेत नाय. मासळीवर दूध प्याली ना ती. तुमीच तर सांगितलंत."

"मी?"

"हितंच. दहा वर्सं झाली. दूध सोडा बोललात, सगळे हसले."

बुवांना आठवेना. ते खांबाला टेकून खाली बसले. "तो दृष्टांत मी पुष्कळ ठिकाणी घेतो," ते हळूच म्हणाले. "छान रंगतो." मग लाडकीकडे वर बघून विचारलं, "प्यायली होतीस का, माई?"

"एकदा. मोनालीच्या टायमाला." मग तिने समिधाने सांगितलेलं सांगितलं, नामाच्या मधे मधे, तुटक तुटक. आपलंच शरीर चुकून आपल्याला परकं समजतं, हे तिने दोनदा सांगितलं.

बुवा ऐकत होते. "पण माई, विरुद्ध आहार म्हणून आपल्याकडे..." असं म्हणून ते मधेच थांबले. "मला कुणी सांगितलं हे? गुरूंनी नाही. कुठल्या पोथीत वाचलं असंही आठवत नाही. आई म्हणायची घरात. मासळी तर आमच्या घरात कधी शिजलीच नाही." ते उठले. उपरणं सावरून म्हणाले, "दे वीणा. मी धरतो. माझ्या गळ्यात घाल."

भिकाने सुटकेचा श्वास सोडला. लाडकीने मात्र वीणा छातीशी धरली.

"नको, म्हाराज."

"का गं?"

"तुमी घेतलीत तर लोक बोलतील, म्हाराजांना काय होतंय, ते देवमानूस. तुमी उद्या केळव्याला जाल. उद्या परत बारा वाजतील, काल्याआधीचा माझा शेवटचा पहारा. तवा कोन घेईल माझ्याकडून?" तिने पट्टा सावरला. "मला देवमानूस नको. मला आळीतलं मानूस पायजे."

 बुवांनी विचारलं, "नर्सबाई कुठे बसतात?"

"शाळेच्या मागे. पाचला बंद होतं."

बुवा तसेच अनवाणी निघाले. भिकाने चपला घेऊन मागून हाक मारली तर ऐकलंही नाही.

सहाला देऊळ भरलं. सहाच्या पहाऱ्यालाही कुणी पुढे आलं नव्हतं. कीर्तनात वीणेकरी बुवांच्या मागेच उभा असतो, त्यामुळे सगळ्या गावाला समोर बुवा दिसत होते आणि बुवांच्या खांद्यामागे लाडकी. सहा तास उभी असलेली. बायकांच्या रांगेत कुजबुज झाली आणि विरली. येसूबाई आपल्या नेहमीच्या खांबाला टेकून बसली होती, कंबर धरलेली बाई बसते तशी मुळीच नाही. तिच्या शेजारी रुचिता.

बुवांनी सुरुवातीचं भजन नेहमीसारखं रंगवलं. आवाज थकला होता, पण सूर जागेवर होता. मग निरूपणाला सुरुवात करायच्या आधी त्यांनी मृदंगवाल्याला हाताने थांबवलं.

"दहा वर्षांपूर्वी मी इथे एक गोष्ट सांगितली होती. मासळी आणि दुधाची. कुणाकुणाला आठवते?"

हात वर झाले. जवळजवळ सगळेच. दोघं-तिघं हसलेही, पुन्हा ऐकायला मिळणार म्हणून.

"एवढी आठवते?" बुवा म्हणाले. त्यांचा चेहरा पडला. "त्या कीर्तनात मी तासभर भक्तीबद्दल बोललो होतो. त्यातलं काय आठवतं?"

वर झालेले हात खाली आले.

"बाबांनो, ती गोष्ट खोटी आहे. मला ती खोटी आहे हे माहीत नव्हतं. खरी आहे हेही माहीत नव्हतं. मला काहीच माहीत नव्हतं आणि मी माहीत असल्यासारखं सांगितलं. वर मृदंगाची थाप घेतली. थाप पडली की माणसाला वाटतं, खरंच असणार. हा अपराध माझा आहे. मासळी-दुधाने कोड येत नाही. आणि ते शिवून कुणाला होत नाही. मी आत्ता नर्सबाईंकडे जाऊन विचारून आलोय."

 मग पुरुषांच्या बाजूने एक आवाज आला, "म्हाराज, मग कशानं येतं?"

"नक्की कशाने ते अजून पुरतं कुणाला कळलेलं नाही, असं त्या म्हणाल्या."

"म्हंजे त्यांनाबी म्हायती नाय!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला. दहा वर्षांपूर्वीएवढा नाही, पण पिकला.  लाडकीला बुवांच्या पाठीकडे बघून वाईट वाटलं. एवढा मोठा माणूस आपल्यासाठी एवढ्या लोकांत अपराधी म्हणून उभा राहिला, आणि लोकांना जुनी गोष्टच जास्त आवडत होती. तिच्यात दूध होतं, मासळी होती, उत्तर होतं. बुवांनी आज आणलेल्या गोष्टीत काहीच नव्हतं. फक्त कुणाची चूक नव्हती.

तिचा उजवा गुडघा तेव्हा पहिल्यांदा लचकला. ती पडली नाही. वीणा वर उचलून धरली आणि तोल सावरला. तार मात्र क्षणभर चुकली, आणि ज्या गावाने आयुष्यभर वीणा ऐकली आहे त्या गावाला ते लगेच कळलं.

येसूबाई उठली.

"थांब गं बाय, थांब. पडशील." ती बायकांच्या रांगेतून वाट काढत पुढे आली. रुचिता उठायला लागली तर तिला मागे न बघताच म्हणाली, "तू बस." बुवांच्या समोरून जाताना तिने त्यांना नमस्कार केला आणि तोंडावर सांगितलं, "म्हाराज, तुमी काय सांगितलंत ते तुमी जानो. मी मासळीवर दूध पिनार नाय. मरेपर्यंत नाय."

"नका पिऊ, माई," बुवा म्हणाले.

ती लाडकीसमोर आली. दोघी कितीतरी दिवसांनी एवढ्या जवळ उभ्या राहिल्या होत्या. येसूबाईच्या कपाळावर घाम होता.

"कंबर बरी झाली?" लाडकीने विचारलं.

"गप. दे हिकडं." मग खालच्या आवाजात, "सहा तास उबी राहिलीस, मेले. मला वाटलं, दमशील आनि खुंटीला अडकवशील. म्हनून नाय आले."

"मग तू मला वळखलं नाय."

येसूबाई पाया पडायला वाकली, पण तिचे हात लाडकीच्या पायांच्या जरा अलीकडेच जमिनीला लागले. लाडकीला ते दिसलं. वीणा सांभाळत तीही वाकता येईल तेवढी वाकली. मग येसूबाईने पदराचं टोक हाताभोवती गुंडाळलं आणि पट्टा धरायला हात पुढे केला. सगळं गाव बघत होतं. लाडकीने मान खाली केली, पट्टा डोक्यावरून निघाला, येसूबाईच्या गळ्यात गेला. वीणेचं वजन एका छातीवरून दुसऱ्या छातीवर आलं. मागून भिकाच्या टाळाने नाम धरून ठेवलं होतं, ते तुटलं नाही.

येसूबाईने पदर गुंडाळलेल्या हाताने दांडी धरली. दुसऱ्या हातालाही पदर होता. त्या हाताने तिने तार छेडली, तर नुसता बद्द असा आवाज आला. पुन्हा छेडली, पुन्हा तसाच. पदरातून तार वाजत नाही. ती क्षणभर तशीच उभी राहिली, तोंड घट्ट मिटून. लाडकी तिच्याकडे बघत नव्हती, खाली बघत होती. मग तार वाजली. नीट, मोकळी.

लाडकी वळली. पाय आपले आहेत असं वाटत नव्हतं. गळा एवढा हलका झाला होता की तिला चुकल्यासारखं झालं. बुवांनी निरूपण सुरू केलं होतं. ती हळूहळू बायकांच्या रांगेपर्यंत आली. येसूबाई उठून गेल्यामुळे खांबाजवळ जागा झाली होती. ती तिथे बसायला वाकली तशा शेजारच्या बायका सरकल्या. जागा द्यायला सरकल्या की लांब व्हायला, ते तिला कळलं नाही. कदाचित त्यांनाही माहीत नव्हतं. रुचिता तेवढी होती तिथेच राहिली.

लाडकी खांबाला पाठ टेकून बसली.

"अजून सरका गं," ती बायकांना म्हणाली. "मला पाय लांब करायचेत."